रुग्णसेवा शिकताना स्वतःची तब्येत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही नर्सिंगच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना त्यांच्या स्वतःच्या आरोग्याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग अशा तिन्ही अभ्यासक्रमांच्या मुलामुलींकडून पत्रे आली. काही पालकांनी आणि एका ट्यूटरबाईंनीही लिहिले. या पत्रांत अज्ञान जवळजवळ कुठेच नाही. मधुमेहाच्या रुग्णाला काय खायला सांगावे, बाळंतिणीला लोहाची गोळी कधी द्यावी, हे या मुलींना तोंडपाठ आहे. अडचण आहे ती ड्यूटी, लेक्चर, मेस आणि होस्टेलचे दार यांच्या वेळांची, कारण त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि जेवण, झोप, पाणी या गोष्टी मधल्या फटींत कोंबल्या जातात. त्यामुळे या मुलींच्या सवयींबद्दल बोलताना सगळा दोष त्यांच्या पदरात टाकणे मला योग्य वाटत नाही. जे त्यांच्या हातात आहे ते त्यांना सांगितले आहे आणि जे कॉलेजच्या व रुग्णालयाच्या हातात आहे तेही त्या त्या ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. रात्रपाळी लागली की माझे सगळे तंत्र बिघडते. मेसचे जेवण मी तयार होईपर्यंत संपलेले असते, म्हणून ड्यूटीवर बिस्किटे, फरसाण आणि दर दोन तासांनी चहा यांवर भागवते. सकाळी होस्टेलवर आले की झोप येत नाही. मोबाइल बघता बघता दहा-अकरा वाजतात आणि दुपारी दोनला लेक्चर असते. वर्षभरात वजन वाढले आहे, पित्त होते आणि पाळीही मागेपुढे होऊ लागली आहे. काय करावे? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : शरीराचे घड्याळ उजेडावर चालते आणि ड्यूटी रात्रीची लागली म्हणून ते दोन-चार दिवसांत उलटे होत नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, सावधपणा कमी झालेला असतो आणि पचनही मंदावलेले असते. दिवसा खाल्लेली साखर शरीर ज्या सहजतेने हाताळते, तेवढीच साखर मध्यरात्रीनंतर खाल्ली तर ती रक्तात अधिक वेळ रेंगाळते. बिस्किटे, फरसाण आणि साखरेचा चहा यांनी तुमचे वजन व पित्त दोन्ही वाढवले असावे, असे मानायला त्यामुळे जागा आहे.

खाण्याची घडी अशी बसवून पाहा. दिवसाचे मुख्य जेवण ड्यूटीला निघण्यापूर्वीच झाले पाहिजे आणि त्यात पोळी किंवा भाकरी, वरण किंवा उसळ, एखादी भाजी आणि ताक-दही असावे. त्या वेळी मेस उघडी नसेल, तर रात्रपाळीच्या मुलींचे डबे आधी भरून ठेवण्याची मागणी वॉर्डनकडे सर्वांनी मिळून लेखी करा. एकट्या मुलीने तोंडी सांगितले तर ते विसरले जाते, असा अनुभव आहे. बारा-एकच्या सुमारास थोडे खावे. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, एक उकडलेले अंडे, केळे किंवा संध्याकाळी करून ठेवलेले मुगाचे धिरडे चालेल. त्यानंतर पहाटेपर्यंत शक्यतो पाण्यावर राहावे. सकाळी झोपण्यापूर्वी हलका नाश्ता मात्र जरूर करावा, नाहीतर अकरा वाजता भुकेनेच जाग येते.

चहाबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन सकाळी नऊला, ऐन झोपण्याच्या वेळी, अंगात शिल्लक असते. शेवटचा चहा एक-दीडच्या आत घ्यावा. पहाटे डोळे मिटू लागले, तर इन्चार्ज सिस्टरना सांगून, वॉर्डात दुसरी व्यक्ती जागी असताना, वीस मिनिटांची डुलकी घेणे हे चहापेक्षा अधिक उपयोगी आणि रुग्णांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. डुलकी घेणाऱ्या विद्यार्थिनीला कामचुकार ठरवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती चुकीची आहे.

आता झोप. प्रौढ माणसाला दिवसातून किमान सात तासांची झोप लागते आणि रात्रपाळीत ती सलग मिळाली नाही तर दोन तुकड्यांत घेता येते : सकाळी पाच तास आणि संध्याकाळी ड्यूटीआधी दीड-दोन तास. होस्टेलवर पोचल्यावर हातपाय धुऊन, थोडे खाऊन सरळ अंथरुणावर जा आणि मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा. खिडकीला जाड चादर बांधा, डोळ्यांवर ओढणी घ्या. दुपारी दोनच्या लेक्चरबाबत माझे मत स्पष्ट आहे : रात्रभर ड्यूटी केलेल्या मुलीला त्याच दुपारी वर्गात बसवू नये. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता जेवढी घटते, ती रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होणाऱ्या घटीइतकी असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मर्यादा याहून कमी, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, ०.०३ टक्के, आहे. अशा अवस्थेत इंजेक्शनचा डोस मोजणे धोक्याचे आहेच. ज्या मुली सकाळी स्कूटीवरून घरी जातात, त्यांनी रात्रपाळीच्या दिवसांत बस किंवा रिक्षाने जावे.

पाळी आठवडाभर मागेपुढे होणे रात्रपाळीत अनेकींना होते आणि रात्रपाळी संपल्यावर पुष्कळदा ते मार्गी लागते. मात्र सलग तीन महिने पाळी आली नाही, चेहऱ्यावर केस किंवा मुरुमे वाढली, किंवा वजन भराभर वाढत राहिले, तर ते रात्रपाळीच्या माथी मारू नका. आपल्याच रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत केसपेपर काढून थायरॉइडची आणि आवश्यक वाटल्यास सोनोग्राफीची तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात होस्टेलवर राहून बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा जिना चढताना तिला दम लागत होता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.४ निघाले. तेव्हापासून मी बीट, खजूर आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवते आहे, पण दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तर ९.६. मुलगी म्हणते, “आई, मला सगळं माहीत आहे.” मग रक्त वाढत का नाही? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असले की रक्तक्षय धरतात आणि ८ ते १०.९ या दरम्यानचा आकडा मध्यम स्वरूपाचा मानतात. आपली मुलगी याच गटात आहे. ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पण हा आकडा मोठा आहे म्हणून तो आपल्या घरी चालवून घेण्याचे कारण नाही.

मध्यम रक्तक्षय केवळ खाण्याने भरून निघत नाही, हे प्रथम सांगते. त्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या लोहाच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात आणि आकडा सुधारल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी त्या आणखी दोन-तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. गोळीने मळमळ झाली किंवा शौचास काळे झाले की मुली ती परस्पर बंद करतात. काळी शौच हा गोळीचा स्वाभाविक परिणाम आहे. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी किंवा डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी. गोळीसोबत लिंबूपाणी चालते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तेवढी चालत नाही.

बीटाने रक्त वाढते हा समज त्याच्या रंगावरून पडला आहे. त्यात लोह फार थोडे असते. गुळातही लोक समजतात तेवढे नसते. भारतीय स्त्रीने रोज २९ मिलिग्रॅम लोह घ्यावे अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे आणि होस्टेलच्या ताटात ते जमवायचे तर कडधान्ये, पालेभाज्या, अंडी, आणि चालत असेल तर मासे व मटण यांच्याशिवाय मार्ग नाही. शाकाहारी अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. त्याच्यासोबत लिंबू, आवळा, पेरू असे आंबट-तुरट काही खाल्ले की शोषण सुधारते आणि चहा घेतला की ते बरेच घटते. मुलीला एवढेच विचारून पाहा की सकाळची पाळी असते तेव्हा ती नाश्त्याला काय घेते. पोह्यांची अर्धी बशी आणि त्यासोबत चहाचा पेला, असे उत्तर आले तर आपण पाठवलेल्या लाडवांचा उपयोग का होत नाही याचा निम्मा उलगडा तिथेच होईल. चहा जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या आधी व नंतर एक तास टाळावा. पोह्यांवर लिंबू पिळून घ्यावे.

लाडूच पाठवायचे असतील तर अळिवाचे पाठवा. बरोबर कारळाची चटणी, भाजलेले हरभरे आणि मिठातला सुका आवळा द्या, कारण या वस्तू डब्यात टिकतात आणि मैत्रिणींसोबत वाटूनही खाता येतात. तिचे उपवास किती असतात, तेही पाहा. आठवड्याला दोन उपवास आणि दोन्ही दिवशी साबुदाणा, म्हणजे ते दोन दिवस लोहाच्या दृष्टीने जवळजवळ कोरडे जातात.

याखेरीज एक गोष्ट आईने विचारावी अशी आहे. पाळीत रक्तस्राव किती होतो? सात दिवसांहून जास्त चालणारी पाळी, दर तासा-दोन तासांनी बदलावे लागणारे पॅड किंवा मोठ्या गाठी असतील, तर एका बाजूने भरलेले दुसऱ्या बाजूने जात राहील. या मुली रोज रुग्णांना हे प्रश्न विचारतात, पण स्वतःबद्दल सांगायला संकोचतात. शुद्ध शाकाहारी घर असेल तर व्हिटॅमिन बी-१२ ची तपासणीही करून घ्यावी, कारण त्याची कमतरता असेल तर नुसत्या लोहाने आकडा पुरेसा हलत नाही.

प्रश्न : आमच्या होस्टेलमध्ये कुणाला थकवा आला की सिनिअर मुली खोलीतच सलाईन लावून देतात. परीक्षेच्या काळात तर बऱ्याच जणी ‘पिवळी सलाईन’ लावून घेतात आणि तरतरी आली म्हणतात. यात काही धोका आहे का? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : धोका आहे आणि फायदा जवळजवळ नाही. बाटलीवरचा मजकूर वाचून पाहा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि प्रौढ माणसाने दिवसभरात मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे अशी शिफारस आहे. पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा असतो आणि त्यातील बराचसा भाग काही तासांत लघवीवाटे निघून जातो. जी मुलगी पाणी पिऊ शकते, तिला एक ग्लास लिंबू-सरबत आणि वरण-भाताचे ताट याहून जास्त देते. तरतरी येते ती मुख्यतः तासभर आडवे पडल्याने आणि कुणीतरी आपली विचारपूस केल्याने. ही दुसरी गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही.

धोका सुईच्या टोकाशी आहे. पलंगाच्या दांडीला बाटली टांगून, हात नीट न धुता, कुणाच्या देखरेखीशिवाय शिरेत सुई घातली की शीर सुजणे, जंतुसंसर्ग, एखाद्या औषधाची अकस्मात ॲलर्जी यांपैकी काहीही होऊ शकते आणि खोलीत त्यावर उपाय करायला काहीच नसते. शिवाय ही सामग्री बहुधा वॉर्डातून आलेली असते. वारंवार थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे आणि झोपेचा हिशेब मांडावा. रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीसाठी दोनच दिवस घेऊन सोडलेली अँटिबायोटिक्स आणि परीक्षेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या यांनाही हीच धोक्याची सूचना लागू आहे. शेवटच्या प्रकारातील गोळ्या तर घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा स्वतःला तीव्र अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण लावताना ती माझ्याच बोटात टोचली. सिस्टर ओरडतील आणि सगळ्यांसमोर नाव निघेल या भीतीने मी कुणालाही सांगितले नाही. रुग्णाला कोणता आजार होता ते मला माहीत नाही. हिपॅटायटिस बी च्या लसीचा माझा एकच डोस झाला आहे. आता रात्री झोप लागत नाही. (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्याला टपालाने स्वतंत्र उत्तर पाठवले आहे. तरी हा प्रसंग अनेकींवर येतो, म्हणून इथेही लिहिते.

आधी जोखीम किती ते पाहू. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन इतकी असते. आपल्या रुग्णाला तो आजार होता असे समजण्यास काही आधार नाही, म्हणजे आपली शक्यता त्याहूनही पुष्कळ कमी. जवळच्या सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रात जा. तिथे समुपदेशन आणि एचआयव्हीची तपासणी मोफत होते व अहवाल गुप्त ठेवतात. दोन महिन्यांनंतरची तपासणी बरीच विश्वासार्ह असते. ती तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करावी आणि पुढे केव्हा करायची ते तेथील डॉक्टर सांगतील. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या करून घ्या आणि लसीचे राहिलेले डोस आजच सुरू करा. अंतर पडले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

हिपॅटायटिस बी कडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण विद्यार्थिनींना भीती एचआयव्हीची असते आणि लस न घेतलेल्या व्यक्तीला खरा मोठा धोका या विषाणूचा असतो. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर त्याचा संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के सांगितली जाते. लसीचे तीन डोस असतात. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्याला तिसरा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तपासावीत आणि अहवालात ती १० mIU/ml किंवा त्याहून अधिक असतील तर संरक्षण मिळाले असे समजावे. ही शेवटची तपासणी फार थोड्या ठिकाणी केली जाते. वॉर्डाची पहिली पोस्टिंग लागण्यापूर्वी निदान दोन डोस झालेले असावेत, असा आग्रह विद्यार्थिनींनी धरावा.

ज्यांना उद्या सुई टोचेल त्यांच्यासाठी : जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच चोळू नका. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात व ती २८ दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही शक्यतो २४ तासांच्या आत लागते. लपवून ठेवले तर या दोन्ही वेळा निघून जातात. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये, हे प्रत्येक वर्गात शिकवतात. पण सुया टाकण्याचा पांढरा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला असेल, तर मुलगी टोपण लावणारच. डबा ट्रॉलीवर, हाताशी ठेवणे ही वॉर्डाची जबाबदारी आहे. आणखी एक सांगते : एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ च्या कायद्यानुसार आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने अशी जोखीम असलेल्या, तिथे काम करणाऱ्या सर्वांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि प्रतिबंधक औषधे पुरवणे बंधनकारक आहे. सुई टोचल्याचे सांगणे म्हणजे चूक कबूल करणे नसून आपल्याला मिळायलाच हवे अशा उपचारांची मागणी करणे आहे.

प्रश्न : मेडिसिन वॉर्डाच्या पोस्टिंगनंतर मला तीन आठवडे खोकला आहे. कफ सिरपने फरक नाही. मी मास्क नेहमी लावते. (विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला म्हणजे क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी, हा नियम आपण रुग्णांना सांगतो. तोच आपल्याला लावा, आणि याच आठवड्यात. तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रासारख्या साधनांमुळे काही तासांत निदान होते आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतील की नाही तेही कळते. क्षयरोग निघालाच तर तो नियमित औषधांनी बरा होतो आणि शिक्षण सोडावे लागत नाही. साधा सर्जिकल मास्क समोरच्याला आपल्या तुषारांपासून वाचवतो, पण लावणाऱ्याचे क्षयाच्या जंतूंपासून पुरेसे रक्षण करत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो आणि वॉर्डाच्या खिडक्या उघड्या असाव्या लागतात.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. आमच्याकडे खर्रा सगळेच खातात. मीही बारावीपासून खातो, आता दिवसाला तीन-चार पुड्या होतात. कर्करोगाच्या वॉर्डात पोस्टिंग झाली तेव्हा चार दिवस सोडला, पण डोके दुखू लागले, चिडचिड झाली आणि पुन्हा सुरू केला. हल्ली तिखट खाल्ले की तोंडात आग होते. (विद्यार्थी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. तिखटाने तोंडात आग होणे हे सबम्यूकस फायब्रोसिसचे, म्हणजे तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाण्याच्या विकाराचे, पहिले लक्षण असू शकते. आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, किंवा गालाच्या आतली त्वचा पांढुरकी व ताठ लागत असेल, तर विलंब न करता दंतवैद्याकडे जा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तीन बोटे सहज गेली तरी तपासणी करून घ्याच. या विकारातला ताठपणा पूर्णपणे मागे फिरत नाही आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून तो जिथे आहे तिथे थांबवणे हाच मोठा उपचार असतो.

खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना तिन्ही असतात. ‘तंबाखू सोडला, आता फक्त सुपारी खातो’ असे पुष्कळ जण सांगतात, पण सुपारी स्वतंत्रपणेही कर्करोगकारक ठरलेली आहे आणि सबम्यूकस फायब्रोसिसचे मुख्य कारण तीच आहे. सोडायचे तर दोन्ही सोडावे लागेल.

तुम्ही चार दिवस काढलेत, याचा अर्थ सर्वांत कठीण टप्पा तुम्ही ओलांडला होता. निकोटिन बंद झाल्यावर होणारी डोकेदुखी आणि चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. या वेळी ते दिवस आधाराशिवाय काढू नका. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळतो. तो थोडा चावून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा असतो, सतत चघळायचा नसतो आणि खर्रा चालू ठेवून तर मुळीच घ्यायचा नसतो. तोंडात आग होत असल्याने दंतवैद्यांना दाखवूनच तो सुरू करा. त्यांना तो योग्य वाटला नाही तर निकोटिनच्या पट्ट्याही मिळतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. पुडी कोणत्या वेळी लागते ते दोन दिवस लिहून काढा. बहुतेकांची एक रात्रपाळीत जागे राहण्यासाठी, एक जेवणानंतर आणि एक टपरीवर मित्र उभे असतात म्हणून असते. पहिल्या दोन वेळांसाठी भाजलेली बडीशेप किंवा फुटाणे खिशात ठेवता येतील. तिसऱ्या वेळेसाठी निदान महिनाभर त्या टपरीवर जाणे टाळावे लागेल, आणि मित्रांना कारण मोकळेपणाने सांगून टाळावे. त्यांच्यातलाही एखादा तुमच्यासोबत सोडेल.

प्रश्न : मी एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. मुली नाश्ता न करता ड्यूटीवर येतात आणि प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडतात. आम्ही आहारावर व्याख्याने ठेवतो, तक्ते लावतो, पण फरक पडत नाही. आम्ही आणखी काय करावे? (ट्यूटर, रत्नागिरी)

उत्तर : व्याख्याने थांबवून मेसची वेळ बदलावी, असे मी सुचवीन. सकाळपाळीची मुलगी पहाटे उठते, स्नानगृहापुढे रांगेत उभी राहते, केसांचा अंबाडा आणि युनिफॉर्म नीटनेटका करते, कारण त्यावरून तिला बोलणी बसतात, आणि उरलेल्या दहा मिनिटांत मेस उघडलेली नसते किंवा पोहे गरम असतात. नाश्ता अर्धा तास आधी सुरू झाला आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गूळ-शेंगदाणे, केळे, उकडलेले अंडे असे हातात घेऊन जाता येईल असे काही ठेवले, तर चक्कर येणाऱ्या मुलींची संख्या आपोआप कमी झालेली आपल्याला दिसेल. ड्यूटीच्या मध्यावर पंधरा मिनिटांची खाण्याची सुटी पाळ्या लावून द्यावी आणि ती खरोखर मिळते की नाही हे ट्यूटरने वॉर्डात जाऊन पाहावे.

प्रवेशाच्या वेळी आपण दाखले तपासतो, तसेच प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन आणि लसीकरणाची नोंद त्याच फाइलमध्ये ठेवावी आणि हिमोग्लोबिन दरवर्षी पुन्हा पाहावे. आकडा कमी निघाला तर तो वर्गात वाचून दाखवू नये. रुग्णाला उचलताना किंवा कुशीवर वळवताना दोघींनी मिळून, पलंग कमरेच्या उंचीला आणून, आडव्या चादरीच्या साहाय्याने करावे, हे प्रात्यक्षिकात शिकवले जाते, पण वॉर्डात एकट्या मुलीवर ते काम येते आणि पहिल्याच वर्षी कंबर धरते. तिथे दुसरी मुलगी देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

शेवटी, ज्याविषयी एकाही विद्यार्थिनीने या वेळी लिहिले नाही, पण मूत्रमार्गाच्या संसर्गाने मुली वारंवार ओपीडीत येतात तेव्हा जे हमखास पुढे येते, ते सांगते. बहुतेक वॉर्डांत विद्यार्थिनींसाठी वेगळे स्वच्छतागृह नसते. स्टाफचे असेल तर त्याची किल्ली इन्चार्जकडे असते आणि ती मागायला मुली लाजतात. म्हणून त्या ड्यूटीभर पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर एकच पॅड सात-आठ तास ठेवतात. आपल्या मुली ज्या ज्या वॉर्डात जातात, तिथे त्यांनी कोणते स्वच्छतागृह वापरायचे, त्याची किल्ली कुठे टांगलेली असेल आणि पॅड टाकण्यासाठी झाकणाचा डबा आहे का, हे मेट्रनबाईंकडून लेखी ठरवून घ्या आणि पोस्टिंगच्या यादीसोबतच ते मुलींना द्या.